बंद घराचा दिवा

१

किल्ली फिरली आणि फाटकाचं कुलूप उघडलं. पद्मजाबाई दोन पिशव्या सावरत आत शिरल्या. अंगणातल्या दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. दाराशी पाण्याची निळी पिंपं मांडली होती, खिडकीला फुलाफुलांचे पडदे होते आणि आतून फोडणीचा वास येत होता.

नागपूरहून रात्रभर प्रवास करून त्या आल्या होत्या. आपण चुकीच्या घरात शिरलो असं त्यांना क्षणभर वाटलं. पण दारावर 'वेणीमाधव' ही यजमानांच्या नावाची पाटी होती, तिचे चारही स्क्रू त्यांनी स्वतः पिळलेले.

हात पुसत एक तिशीतला माणूस बाहेर आला. "कोण पायजे?"

"हे माझं घर आहे," बाई म्हणाल्या.

"आसंल कधी काळी. बारा वर्षांच्या वर झालं की, आमी हितं हाय. आता घर आमचं हाय."

त्या माणसाचं नाव युवराज, मूळचा सांगोल्याकडचा. बाई पोलीस चौकीत गेल्या, तिथे त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि "दिवाणी मामला आहे मावशी, वकील गाठा" हा सल्ला मिळाला. तो सल्ला घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

मी निवेदिता. सोलापूरच्या कोर्टात वकिली करते. घरं आणि जमिनी यांची भांडणं ही माझी रोजची मीठभाकर. पण बाई माझ्यासाठी पक्षकार नव्हत्या. माळशिरसहून होस्टेलात आलेली मी, आणि भूगोल शिकवणाऱ्या पद्मजाबाई. वर्गात नकाशा उघडला की मला रडू फुटायचं. बाई माझं बोट धरून माळशिरसवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दिसतंय ना? म्हणजे आहे जागेवर."

आता त्याच बाई माझ्यासमोर बसून विचारत होत्या, "निवेदिता, घर जाईल का गं माझं?"

मी उत्तर टाळलं आणि हकिकत पुन्हा सांगायला लावली. एका ठिकाणी मी त्यांना थांबवलं.

"बाई, फाटकाचं कुलूप तुमच्या किल्लीनं उघडलं. जाताना फाटकाला कुलूप लावलं होतंत?"

"छे. फाटकाला नुसती कडी होती. ते कुलूप मी दाराला लावलं होतं."

म्हणजे दाराचं कुलूप फोडलेलं नव्हतं. कुणीतरी ते किल्लीनं उघडलं होतं, आणि चांगलं मजबूत आहे म्हणून काटकसरीनं फाटकाला लावलं होतं. चोरीच्या घरातही संसारी बुद्धी जात नाही!

"या कुलपाला किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे. दुसरी यांच्या खिशात असायची." बाईंनी आपली किल्ली मुठीत धरली. "हे दवाखान्यात गेले, त्यानंतर ती मला कधी सापडलीच नाही."

२

वेणीमाधवकाका गेले आणि बाई मुलीकडे नागपूरला गेल्या. मधल्या वर्षांत दोनतीनदा सोलापुरात आल्या, पण बहिणीकडे उतरल्या. रिक्षा आपल्या गल्लीच्या तोंडाशी न्यायची आणि तिथूनच वळवायची. दारात काकांच्या चपला तशाच असतील, या भीतीनं त्यांनी घर उघडलंच नाही. आता मात्र त्यांना परत यायचं होतं. "मुलगी लाख चांगली आहे गं, पण तिथे मी पाहुणी आहे. मला माझ्या ओट्यावर चहा करायचाय," एवढंच त्यांचं मागणं.

कायदा ऐकला की लोकांना धक्का बसतो, म्हणून मी तो हळूहळू सांगते. घर तुमच्या नावावर आहे, कर तुम्ही भरता, हे सगळं खरं. पण परका माणूस उघडपणे, सलग, मालकाला न जुमानता बारा वर्षं घर ताब्यात ठेवून बसला, आणि ते त्यानं सिद्ध केलं, तर मालकाचा हक्क जाऊ शकतो. कर भरणाऱ्यानं घरात पाऊलही ठेवलेलं नसतं, आणि तिथेच पेच पडतो.

"बारा वर्षं काय, हा यंदाच्या मेमध्ये राहायला आला, असं चौकीतले पोलीस म्हणाले," बाई म्हणाल्या.

ते तर युवराजही नाकारत नव्हता. त्याचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, बाई गेल्यावर लगेच घराचा ताबा घेतला. शेती सांगोल्यात, त्यामुळे येऊन-जाऊन राहायचे, पण दर सणाला सगळं कुटुंब इथेच. मेपासून कायमचे आले. हे खोटं ठरवायला शेजारी हवे होते.

जुळे सोलापुरातली ती गल्ली लहान. बाईंचं घर अगदी टोकाला, दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, पुढे उंच भिंत. समोर देवदत्त सरांचं घर. सर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, वेणीमाधवकाकांचे जिवलग, आता कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरात पूजा करतात. आम्ही गेलो तेव्हा सर गच्चीवर वाळलेली धोतरं काढून घड्या घालत होते. बाईंनी हात हलवला. सरांनी पाहिलं, आणि धोतरं उराशी धरून आत निघून गेले.

"ऐकू नसेल आलं," बाई म्हणाल्या. हाक त्यांनी मारलीच नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी बजाबाईंचं दुकान. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि अख्ख्या गल्लीची खबरबात. बाईंना पाहून त्यांनी डोळ्याला पदर लावला, स्टूल पुढे केलं. पण मी युवराजचं विचारलं तेव्हा त्यांनी पदर खाली घेतला.

"खोटं न्हाय बोलणार, वकीलबाई. मे म्हैन्यात मी करमाळ्याला लग्नाला गेलते, ही मान्सं आली ती मला दिसली न्हाईत. पर त्याच्या आदीपास्नं त्या घरात सण व्हायचा, हे खरं हाय."

"म्हणजे?"

"दिवाळीला खिडकीत दिवा. आतल्या अंगाला बरं का, भायेर न्हाय. पाडव्याला गुढी, इरकली साडीची. दर साली. भिंत ही आशी उंच, वरनं उजेड तेवढा दिसायचा, मानूस काय दिसायचं न्हाय. मला वाटायचं, बाईंनीच कुणाला ठिवलंय."

खिडकीच्या आत दिवा लावायचा तर घर उघडायला हवं, आणि घर उघडायला किल्ली. मी बाईंकडे पाहिलं. "तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणालाही नाही," त्या म्हणाल्या.

आमची सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार युवराजच्या बाजूनं बोलत होती.

३

दुसऱ्या दिवशी मी बाईंना घेऊन सरळ त्या घरात गेले. असं करू नये, हे मला माहीत आहे. पण माणसं घरात जशी बोलतात तशी कोर्टात बोलत नाहीत.

युवराज दारात आडवा उभा राहिला. त्याची बायको वैष्णवी मात्र मागून म्हणाली, "आवो, म्हाताऱ्या मान्साला दारात काय हुबं करता? या ताई, बसा." युवराजला तेवढ्यात फोन आला. तो फोन घेऊन अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

बाई आपल्याच घरात पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांच्या ओट्यावर दुसरीच बाई चहा करत होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"साखर कमी चालंल ना?" वैष्णवीनं विचारलं. मनानं ती साधी बाई दिसत होती. "पानी आज येनार हाय, म्हनून पसारा पडलाय. चार-पाच दिवसांनी येतंय, तुमाला ठावं आसंल."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मोरीतला नळ आधी येतो. तो उघडाच ठेव, म्हणजे आवाज कळतो."

वैष्णवी थबकली. तिला हे माहीत नव्हतं, आणि बाईंना माहीत होतं. ती खाली बघत म्हणाली, "ताई, मी लग्नापास्नं भाड्याच्या खोलीत वर्सं काढली. गावाकडं दुष्काळ, खोलीवर मालकीन. खिळा ठोकायचा तरी इचारायला लागायचं. हितं आल्यावर पैल्यांदा कुणाला न इचारता खिळा ठोकला बगा." तिनं भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एका म्हाताऱ्या माणसाचा हार घातलेला फोटो होता.

"हे कोण?"

"आमचं सासरं, आबासाहेब. कोरोनाच्या दुसऱ्या लाटंत गेलं. उन्हाळ्यात." तिनं फोटोकडे बघून हात जोडले. "आमी वरीस पाळलं त्यांचं, अगदी रीतीनं. ना दिवाळीला पनती लावली, ना पाडव्याला गुढी. गोडधोड तर शिवलं न्हाय. आमच्याकडं तसलं कडक आसतंय."

मी चहाचा कप खाली ठेवला. रीत पाळल्याचा तिला अभिमान होता, आणि आपण काय बोलून गेलो याची तिला जाणीवही नव्हती.

बाईंचं मात्र लक्ष नव्हतं. त्या आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. "तिथे माझं लोखंडी कपाट होतं. त्यात माझी एक इरकली आहे. तेवढी मिळेल?"

"हाय की. आमी हात लावला न्हाय. परक्याचं कपाट कसं उघडायचं, ताई?"

बारा वर्षं घर आपलं, आणि कपाट परक्याचं! वैष्णवीनं साडी आणून बाईंच्या मांडीवर ठेवली. जांभळी, लाल काठांची. बाईंनी तिच्यावर हात फिरवला आणि हात थांबला. साडी उभी दुमडून, बारीक चुण्या घालून, शेवटी पीळ देऊन ठेवली होती. चुणीत वाळलेलं कडुनिंबाचं पान होतं आणि काठाला साखरेच्या गाठीचा एक खडा चिकटला होता.

गुढीला हीच साडी नेसवली जात होती.

"निवेदिता," बाई कुजबुजल्या, "ही घडी माझी नाही. बायका अशी घडी घालत नाहीत."

४

तिथून मी तडक बजाबाईंकडे गेले. एकच प्रश्न होता. "कोरोनाची दुसरी लाट आली त्या साली दिवाळीला त्या घरात दिवा होता?"

बजाबाईंनी वजनकाटा हातातून खाली ठेवला.

"त्या सालची दिवाळी कशी इसरंन? आमच्या गल्लीत घरटी एक मानूस गेलं. माझं मालक गेलं. देवदत्त सरांच्या बाई गेल्या. समद्यांनी वरीस पाळलं. आख्खी गल्ली काळीठिक्कर. आन् त्या टोकाला तेवढा एकच दिवा, बंद घरात. मी दुकानाच्या पायरीवर बसून त्याच्याकडं बगत व्हते. कुणी लावला आसंल त्येला देव बरं करो, आसं म्हनले मी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण वकिलाला रडायचे पैसे मिळत नाहीत, म्हणून मी पुढचा विचार केला.

युवराजच्या घरी त्या वर्षी सण नव्हता, हे त्याच्या बायकोनं सांगितलं. आणि त्या वर्षी बाईंच्या घरात दिवा होता, हे बजाबाईंनी सांगितलं. तेव्हा दिवा लावणारा युवराज नव्हे, आबासाहेबही नव्हेत. ते लोक मेआधी इथे कधी आलेच नसणार. दुसऱ्याच्या दिव्यावर त्यांनी आपला हक्क सांगितला होता. त्या दिव्याची माहिती त्यांना कुणी दिली, आणि दिवा कुणी लावला, हे दोन प्रश्न उरले.

देवदत्त सरांकडे बाई आल्या नाहीत. मी एकटीच गेले. सरांनी मला आत घेतलं, पण बोलताना नजर समोरच्या घरावरून हलत नव्हती.

"सर, तिथे सणाला दिवा कोण लावायचं?"

"मला काय ठाऊक."

"तुमचं दार समोर आहे."

"माझी बायको गेली त्यानंतर मी कुणाच्या दाराकडे पाहिलं नाही." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "त्या वर्षी या घरात चूल पेटली, एवढंच. पणती नाही, गुढी नाही. मी काय सांगणार दिव्याचं?"

मला ते पटलं. ज्या रीतीनं युवराज खोटा पडला, त्याच रीतीनं सर सुटत होते. ज्याच्या घरात वर्ष पाळलंय, तो दिवा लावायचा नाही. मी मनातल्या मनात त्यांचं नाव खोडलं आणि उठले.

दारात त्यांचा मुलगा अजिंक्य भेटला. प्लॉटची खरेदी-विक्री करतो, आवाज मधासारखा. "मॅडम, तुम्हीच पद्मजाकाकूंच्या वकील ना? कशाला कोर्टात जन्म घालवायचा? मी मध्यस्थी करतो. काकूंनी थोडी रक्कम घ्यावी, मोकळं व्हावं. त्यांचं कपाटबिपाट सगळं जागच्या जागी आहे, ते खुशाल घेऊन जावं."

"बघू," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

गल्लीच्या मध्यावर पोचल्यावर माझे पाय थांबले. कपाट आतल्या खोलीत होतं. बाहेरून ते कुणाला दिसत नव्हतं. अजिंक्य ते जागच्या जागी असल्याचं कसं सांगत होता?

५

वसुबारसेला संध्याकाळी मी बाईंना घेऊन पुन्हा सरांकडे गेले. गल्लीत आकाशकंदील लागत होते. बाईंच्या खिडकीत वैष्णवीनं पणत्या मांडल्या होत्या. बाईंनी तिकडे पाहिलं आणि मान वळवली.

सर देवघरात होते, अजिंक्य झोपाळ्यावर. खुर्चीवर सरांची धुतलेली धोतरं ठेवली होती. उभी दुमडलेली, बारीक चुण्यांची, शेवटी पीळ दिलेली. मी पिशवीतून इरकली काढली आणि त्या धोतरांशेजारी ठेवली. बाईंनी दोन्ही घड्या पाहिल्या आणि त्या खुर्चीजवळच खाली बसल्या.

"सर," मी म्हटलं, "या गल्लीत धोतर तुम्हीच नेसता. जन्मभर जो हात अशीच घडी घालत आला, साडी आली तरी तो दुसरी घडी घालणार कशी? काकांच्या खिशातली दुसरी किल्ली तुमच्याकडे होती. दिवा तुम्ही लावायचात, गुढी तुम्ही उभारायचात."

सरांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"मेमध्ये तुम्ही कुठे होतात?"

"जेऊरला. मुलीकडे," ते पुटपुटले.

"तेवढ्या दिवसांत ती किल्ली युवराजच्या हातात गेली. तुमच्या घरातून किल्ली कोण उचलू शकतं? दर सणाचा दिवा कुणाला माहीत होता? न उघडलेल्या घरातलं कपाट कुणी पाहिलं होतं?" मी झोपाळ्याकडे वळले. "वडिलांनी जपलेला दिवा तुम्ही बारा वर्षांचा पुरावा म्हणून विकलात. युवराजला वाटा कबूल केलात, आणि पाठ करून घेतलंत, दर सणाला आम्ही इथेच. आबासाहेब कधी गेले, हे तेवढं विचारायचं राहिलं."

अजिंक्य हसला. तसा तो हुशार होता.

"कथा छान आहे, मॅडम. पण तुमच्याच तर्कानं पडते. त्याच वर्षी माझी आई गेली. या दारात पणती नव्हती, सगळी गल्ली साक्ष देईल. आपल्या घरात काळोख ठेवून बाबा शेजारच्या घरात सण करतील? आमच्याकडेही रीत आहे. बाबा, सांगा ना त्यांना."

सरांनी देवाकडे तोंड फिरवलं. कोर्टात हेच होणार होतं. घडी म्हणजे पुरावा नव्हे. सर तोंड उघडणार नसतील तर त्या खिडकीतला दिवा बेवारशी होता, आणि बेवारशी दिवा युवराजच्या पदरात पडला असता. मुलगा तुरुंगात जाईल की जिवलग मित्राच्या बायकोचं घर जाईल, हे त्या म्हाताऱ्यालाच ठरवायचं होतं, आणि आपलं रक्त सोडायला कोण तयार होतं?

तेव्हा बाई बोलल्या. वर्गात बोलायच्या तशाच, हळू.

"भावजी, घराचं राहू द्या. कोर्टाचंही राहू द्या. मी इतकी वर्षं त्या अंधाऱ्या घराच्या भीतीनं गल्लीच्या तोंडावरून परत फिरले. तिथे दिवा होता, हे मला कुणी सांगितलं नाही. तो कुणी लावला, एवढंच सांगा. मला जाताना बरोबर न्यायला तेवढं पुरेल."

सरांनी देवघराची कड धरली.

"अजिंक्य म्हणतो ते खरं आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे रीत आहे. माझं घर असतं तर मी त्या वर्षी दिवा लावला नसता, वहिनी." त्यांनी समोरच्या खिडकीकडे बोट केलं. "पण ते माझं घर नव्हतं. ते तुमचं होतं. माझा दुखवटा तुमच्या घराला कसा लागेल?"

झोपाळ्याची कडी करकरली आणि थांबली.

६

मग ते सगळं बोलले. वेणीमाधवकाकांनी दवाखान्यात त्यांच्या मुठीत किल्ली दिली होती. 'पद्मजाला हे घर सोसायचं नाही, ती जाईल. पण एक दिवस येईल. आली तर तिला अंधार दिसायला नको. आणि तिला सांगू नकोस, नाहीतर ती ओढीनं नाही, उपकाराच्या ओझ्यानं येईल.' सर दर दिवाळीला खिडकीत पणती ठेवत होते. पाडव्याला गुढीला बाईंचीच साडी, तीही काकांचीच इच्छा. त्या वर्षीची गुढीही त्यांनीच उभारली. जेऊरहून परतले तेव्हा देव्हाऱ्यातली किल्ली गेलेली होती आणि समोर कपडे वाळत होते. अजिंक्य म्हणाला, बाबा, गप्प बसा. ते बसले.

"मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती," ते मला म्हणाले. बाईंकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. बाईच उठल्या आणि त्यांनी सरांना पाणी दिलं.

कायद्याच्या भाषेत सरांच्या 'ते तुमचं होतं' या एका वाक्याचं मोल फार मोठं होतं. मालकासाठी कुणी घर राखत असेल, तर ताबा मालकाचाच असतो. म्हणजे बाईंचा ताबा मेपर्यंत कधी सुटलाच नव्हता. आणि ज्याला बेकायदा बाहेर काढलं, त्यानं सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर आधी ताबा परत, बाकीचं भांडण नंतर. ती मुदत अजून सरली नव्हती. मी दावा लावला, सरांनी शपथेवर सगळं सांगितलं, आणि अजिंक्यवर गुन्हा दाखल झाला. युवराजच्या वकिलानं कागद वाचले आणि तडजोडीनं ताबा द्यायला लावला. त्यांच्या खटल्यात फार दम नव्हता, दिवा गेल्यावर त्यांच्याकडे उरलंच काय होतं?

निघताना वैष्णवीनं घर झाडून काढलं. आबासाहेबांचा फोटो पदरात गुंडाळला आणि खिळा उपटायला लागली. "ताई, भोक ऱ्हाईल भिंतीला," ती रडत म्हणाली. "मला ठावं न्हवतं वो, देवाशपथ. हे म्हनले, घर भेटलंय."

"खिळा राहू दे," बाई म्हणाल्या. "आणि आपल्या घरात ठोकशील तेव्हा मला बोलाव."

तिला स्वतःचं घर मिळालं का, हे मला माहीत नाही. ती ज्या टेम्पोत बसली, त्याच्याकडे बाई बराच वेळ बघत होत्या. घराची ओढ काय असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

सर मात्र त्या गल्लीत टिकले नाहीत. अजिंक्य जामिनावर सुटून पुण्याला गेला. बापाशी बोलणं बंद केलं. बायको गेलेलं, मुलगा तुटलेलं घर सरांना खायला उठायचं. यंदाच्या श्रावणात ते मुलीकडे जेऊरला निघाले. जाताना घराची किल्ली बाईंच्या हातात दिली.

बाई ती नुसती घेऊन घरी जाणार होत्या. मी अडवलं. "थांबा! आधी लिहून द्यायचं. देवदत्त सरांच्या वतीनं, त्यांच्या परवानगीनं, राखणीसाठी. दोघांची सही, माझी साक्ष. आणि दोन महिन्यांनी एकदा सरांनी स्वतः येऊन दार उघडायचं."

"तू फारच वकील झालीस," बाई म्हणाल्या, पण सही केली.

परवा धनत्रयोदशीला मी मुद्दाम वाकडी वाट करून त्या गल्लीत गेले. बाईंच्या ओट्यावर चहाचं आधण होतं, वेणीमाधवकाकांच्या चपला दाराशी पुसून ठेवलेल्या होत्या. आम्ही चहा घेतला. मग बाईंनी एक पणती आपल्या खिडकीत ठेवली, दुसरी ताटलीत घेऊन रस्ता ओलांडला, कुलूप काढलं आणि सरांच्या बंद घरात, खिडकीच्या आत लावली.

बाहेर येऊन त्यांनी सरांना फोन लावला. बाईंनी फोनचा कॅमेरा त्या खिडकीकडे धरला.

"दिसतंय ना, भावजी?" त्या म्हणाल्या. "म्हणजे आहे जागेवर."